पारा, डॉल्फिन आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात धानोरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. धानोऱ्याला समुद्र नाही, डॉल्फिन तर नाहीच. शिवाय मी बी. ए., बी. एड. झालेला, इतिहास-भूगोल शिकविणारा मास्तर. रसायनशास्त्राशी माझा संबंध बारावीलाच सुटला. तेव्हा या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. माझे उत्तर एवढेच की हा विषय मी निवडला नाही. तो आठवीतील एका मुलीने माझ्यापुढे टाकला, आणि मास्तराला मुलांचे प्रश्न टाळता येत नाहीत.

झाले असे की, आमची सहल कोकणात गेली होती. दापोली तालुक्यातील मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा अर्ध्याहून अधिक मुले समुद्र प्रथमच पाहत होती. होडीतून डॉल्फिन दाखवितात असे कळल्यावर मुलांनी हट्ट धरला. होडी आत गेली, नावाड्याने यंत्र बंद केले, आणि थोड्याच वेळात करड्या रंगाच्या तीन-चार पाठी पाण्यावर आल्या नि गेल्या. पाठीवर उंचवटा होता, त्यावर लहानसा पर. हा आपल्या पश्चिम किनाऱ्याचा कुबड असलेला डॉल्फिन. तो खोल समुद्रात जात नाही. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी, खाड्या, नद्यांची मुखे हेच त्याचे घर.

परतताना होडीत प्रश्नांची सरबत्ती झाली. हा मासा श्वास कसा घेतो? मी सांगितले, हा मासा नव्हे. आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलाला जन्म देणारा, दूध पाजणारा प्राणी आहे. तो खातो काय? बोय, तारली, मांदेली, ढोमी, मिळेल ते. तेव्हा ती मुलगी सहज म्हणाली, "म्हणजे सर, तो आणि आपण एकाच बाजारातून मासे घेतो!"

सगळी हसली. मीही हसलो. पण गावी परत आल्यावर त्या वाक्याने माझी पाठ सोडली नाही. आठवडे बाजारात सुकट, जवळा, सुके बोंबील यांचे ढीग लागतात, ते येतात कोठून? त्याच समुद्रातून. मग त्या समुद्रात कोणी काही कालविले तर ते डॉल्फिनच्या पोटात जाईल आणि आपल्याही पोटात येईल. मी वाचू लागलो, आणि जे वाचले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम पाऱ्याविषयी. माझ्या लहानपणी घरात कोणाला ताप आला की काचेचा थर्मामीटर निघे. एकदा तो माझ्या हातून फुटला. त्यातील चांदीसारखे गोळे मी आगपेटीत जमा केले आणि चार दिवस त्यांच्याशी खेळलो. तळहातावर गोळा फिरविण्यात काय मौज होती म्हणून सांगू! आज ती आठवण झाली की अंगावर काटा येतो. पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि बंद खोलीत ती श्वासावाटे शरीरात जाते. घरात अजून जुना थर्मामीटर असेल तर तो मुलांच्या हाती देऊ नका, आणि फुटला तर झाडूने झाडू नका. खिडक्या उघडा, कागदाच्या कडेने थेंब गोळा करा आणि झाकणाच्या बाटलीत बंद करा.

पाऱ्याशी मुसलमान विद्वानांचे नाते फार जुने आहे. गंधक आणि पारा यांच्या मेळातून सर्व धातू बनतात, हा जाबिर इब्न हय्यानच्या नावाने चालत आलेला सिद्धान्त युरोपात शतकानुशतके मानला गेला. स्पेनमध्ये पाऱ्याची जी जगप्रसिद्ध खाण आहे तिचे नाव अल्मादेन. हा शब्द अरबी 'अल्-मादन' म्हणजे खाण, याचाच अपभ्रंश. २०१२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. हे मी नुसते अभिमानापोटी सांगत नाही. या खाणीचा आपल्या गोष्टीशी संबंध आहे, तो पुढे येईल.

आता पारा समुद्रात जातो कसा? एक वाट कारखान्याची. आपण ज्या साबणाने कपडे धुतो तो करण्यास कॉस्टिक सोडा लागतो. कागदास लागतो, रेयॉनच्या कापडास लागतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तो तयार करतात. जुन्या पद्धतीत या कामी पारा वापरीत. पाऱ्याचा थर विजेच्या एका टोकाचे काम करी, मिठातील सोडियम आपल्यात ओढून घेई, मग पाण्याशी गाठ पडली की सोडियम सोडून पुन्हा मोकळा होई. हिशोबाप्रमाणे पारा खर्च व्हावयास नको. प्रत्यक्षात थोडा-थोडा सांडे, वाफ होऊन उडे, सांडपाण्याबरोबर वाहून जाई. आमच्या घरी किराण्याच्या पिशवीतून चार दाणे सांडले तर अम्मी वेचून घेत असे. तेथे वेचणारे कोणी नव्हते.

हे आपल्या महाराष्ट्रातच घडले. कल्याण-शहाड भागातून वाहणारी उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी यांच्या काठी कारखाने उभे राहिले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील झिंगडे आणि देसाई या शास्त्रज्ञांनी ठाणे खाडीतील पाऱ्यावर १९८१ साली निबंध प्रसिद्ध केला. २००३ साली झिंगडे यांच्यासह चौघा संशोधकांचा उल्हास नदीच्या खाडीतील गाळाविषयीचा निबंध आला. गाळ ही मोठी प्रामाणिक वही आहे. दरवर्षी वर एक पान चढते आणि खालचे पान तसेच राहते. नळी खुपसून गाळाचा उभा तुकडा काढला की कोणत्या काळात किती पारा आला हे थराथराने वाचता येते.

महाराष्ट्राच्या दक्षिणेस, गोव्याच्या पलीकडे कारवार आहे. तेथे मराठी-कोकणी बोलणारी वस्ती आहे. कारवारजवळ बिणगे येथे समुद्रकाठीच कॉस्टिक सोड्याचा कारखाना होता. त्याच्या परिसरातील पाऱ्यावर कृष्णकुमार आणि पिल्लई यांनी १९९० साली लिहिले. कारवारच्या त्याच समुद्रात आमच्या मुलांनी पाहिला तो कुबडाचा डॉल्फिनही राहतो. हा प्राणी खाडीच्या तोंडाशी येऊन मासे धरतो हे लक्षात घेतले, म्हणजे कारखान्याची मोरी आणि डॉल्फिनचे ताट यांत अंतर किती थोडे आहे ते कळेल.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की ही पद्धत आता आपल्या देशातून जवळजवळ गेली आहे. २००३ साली केंद्र सरकारने उद्योगांसाठी जबाबदारीची सनद काढली, तीत कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांनी पारा सोडून पडद्याची नवी पद्धत घ्यावी असे ठरले, आणि ती घेतली गेली. पण नवा पारा थांबला म्हणून गाळातला जुना पारा उठून जात नाही.

दुसरी वाट आकाशाची आहे, आणि आपणा खानदेशच्या लोकांनी ती विशेष समजून घ्यावी. दगडी कोळशात निसर्गतःच किंचित पारा असतो. कोळसा जळाला की तो धुरातून वर जातो. भुसावळजवळ दीपनगरला कोळशावर वीज होते, पलीकडे उकाईला होते, देशात शेकडो ठिकाणी होते. ती वीज आपल्या घरात जळते. हवेतील पारा कित्येक महिने तरंगत राहतो. तो कोठल्या कोठे जाऊन पावसाबरोबर खाली येतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्यात पहिला क्रमांक लहान सोनेखाणींचा आणि दुसरा दगडी कोळशाचा आहे.

आणि पाण्याची वाट तर उघडच आहे. आपल्या जिल्ह्याचे पाणी दोन बाजूंनी समुद्रास मिळते. सातपुड्याच्या उत्तर उताराचे नर्मदेतून, दक्षिणेचे तापीतून. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर चालत आलेली तापी प्रकाशा, उकाई करीत सुरतेजवळ समुद्राला मिळते. दोन्ही नद्या खंभातच्या आखातातच जातात. तेव्हा समुद्र आपल्यापासून लांब आहे हे नकाशावर खरे असले तरी नाल्याला ते ठाऊक नाही.

आता गोष्टीतील खरा चमत्कार. समुद्राच्या पाण्यात पारा इतका थोडा असतो की ते पाणी तोंडात गेले तरी त्यापासून धोका नाही. मग भीती कसली? गाळात राहणारे काही सूक्ष्म जंतू साध्या पाऱ्याला नवे रूप देतात. त्यास मिथाइल पारा म्हणतात. हे रूप भलतेच चिवट आहे. ते प्राण्याच्या मांसातील प्रथिनांना चिकटते आणि सहज सुटत नाही.

पाण्यातील सूक्ष्म वनस्पती तो शोषून घेतात. त्यांना बारीक जीव खातात. त्या जीवांना जवळा-मांदेली, मांदेलीला ढोमा, ढोम्याला सुरमई किंवा मुशी. प्रत्येक पायरीवर खाणारा आपल्या वजनाच्या कितीतरी पट अन्न खातो. अन्न पचून जाते, ऊर्जा चालण्या-फिरण्यात खर्च होते, पण पारा अंगातच उरतो. सावकाराच्या वहीत व्याजावर व्याज चढते तसे हे आहे. मुद्दल पैशाचे आणि शेवटी शेत जाते! पाण्यात जेवढा मिथाइल पारा असतो त्याच्या दहा लाख पट किंवा त्याहूनही जास्त पारा शिडीच्या वरच्या टोकाच्या शिकारी माशात सापडतो. आणि त्या टोकावर, माशांच्याही वर, डॉल्फिन बसलेला आहे. मोठा डॉल्फिन दिवसाला आठ-दहा किलो मासे खातो आणि चाळीस-चाळीस वर्षे जगतो. चाळीस वर्षे रोज आठ किलो, हा गुणाकार विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावा.

भूमध्य समुद्रातील पट्टेदार डॉल्फिनच्या यकृताची तपासणी फ्रेंच संशोधकांनी केली, तीत काही जनावरांत किलोमागे हजार मिलिग्रॅमहून अधिक पारा मिळाला. म्हणजे एका किलो यकृतात एक ग्रॅमहून जास्त! आपल्याकडे खाण्याच्या साधारण माशात किलोमागे अर्धा मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. भूमध्य समुद्रातच एवढे का? कारण त्याच्या भोवतीच्या जमिनीत पाऱ्याच्या खनिजाचा पट्टा आहे. मघाची अल्मादेनची खाण त्यातलीच.

मग हे डॉल्फिन मरत कसे नाहीत? येथे निसर्गाची कमाल आहे. डॉल्फिनचे यकृत मिथाइल पाऱ्याला मोडून त्याची सेलेनियम नावाच्या तत्त्वाशी गाठ बांधते आणि दोहोंचे बारीक खडे करून ठेवते. ते खडे विरघळत नाहीत, म्हणून फारसा अपाय करीत नाहीत. जणू घरात आलेला चोर त्याने कोठडीत डांबून ठेवला. पण त्यासाठी शरीराला हवे असलेले सेलेनियम खर्ची पडते, आणि कोठडीलाही मर्यादा असते. माणसाला ही युक्ती डॉल्फिनइतकी साधलेली नाही.

पारा एकटाच नाही. कॅडमियम नावाचा धातू आहे, तो डॉल्फिनच्या मूत्रपिंडात साठतो. जे डॉल्फिन माकूल जास्त खातात त्यांच्यात तो अधिक. हाच कॅडमियम जपानात जिंत्सू नदीच्या पाण्यातून भातशेतीत गेला आणि बायकांची हाडे ठिसूळ झाली. वेदनेने त्या जे ओरडत तेच रोगाचे नाव पडले, इताई-इताई, म्हणजे 'दुखते, दुखते'. शिसे हाडांत आणि दातांत जाऊन बसते, कारण शरीर त्याला चुन्याचा भाऊ समजते.

आपल्या देशातील डॉल्फिनची तपासणी झाली नाही असे नव्हे. गंगेतील डॉल्फिनच्या शरीरातील जड धातू आणि कीटकनाशके यांवर १९९३ साली निबंध आला. त्यात पाटण्याचे प्राध्यापक आर. के. सिन्हा यांचा भाग होता. ज्यांनी हयात गंगेच्या डॉल्फिनसाठी वेचली, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. गंगेचा डॉल्फिन २००९ पासून आपला राष्ट्रीय जलचर आहे. हाँगकाँगला आपल्या कुबडाच्या डॉल्फिनचा जवळचा भाऊबंद राहतो. तेथे किनाऱ्याला लागलेल्या मृत डॉल्फिनमधील धातूंचा अभ्यास पार्सन्स यांनी १९९८च्या सुमारास केला.

शिसे म्हटल्यावर एक आडवाट घेतो, क्षमा असावी. आपल्या घरांतून लहान मुलांच्या डोळ्यांत सुरमा घालतात. बाजारात मिळणारा चकाकणारा काळा सुरमा पुष्कळदा शिशाच्या खनिजाची पूड असते. विलायतेत राहणाऱ्या आपल्या उपखंडातील कुटुंबांच्या मुलांत शिसे का वाढले याचा शोध घेताना डॉक्टरांचे लक्ष सुरम्याकडे गेले, आणि १९७८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यावर लेख आला. धर्माच्या बाबतीत बोलण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांचा आणि उलेमांचा, माझा नव्हे. मी फक्त बाटलीत काय भरले आहे तेवढे बोलतो. बाळाचा हात डोळ्याकडे आणि डोळ्याकडचा हात तोंडाकडे जातो, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे.

आता ज्यासाठी एवढे लांबण लावले त्या गोष्टीकडे येतो.

जपानात मिनामाता नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्याने १९३२ ते १९६८ या काळात पाऱ्याचे सांडपाणी उपसागरात सोडले. प्रथम मांजरे वेडीवाकडी नाचू लागली आणि समुद्रात पडू लागली. लोकांना गंमत वाटली. मग माणसांचे हात थरथरू लागले, जीभ अडखळू लागली, नजर आखूड झाली. १ मे १९५६ रोजी या रोगाची पहिली अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्याच दवाखान्यातील डॉक्टर होसोकावा यांनी १९५९ साली कारखान्याचे सांडपाणी एका मांजराला अन्नातून देऊन पाहिले, मांजर तसेच आजारी पडले. कंपनीने ती गोष्ट दाबून ठेवली. सरकारने कारण जाहीर केले १९६८ साली. मधली नऊ वर्षे लोक तेच मासे खात होते.

त्याहून हृदयद्रावक भाग पुढेच आहे. काही स्त्रियांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांची बाळे जन्मतःच अपंग निघाली. तोवर डॉक्टर समजत की वार ही भिंत आहे, आईच्या रक्तातील विष ती बाळाकडे जाऊ देत नाही. मिनामाताने दाखविले की मिथाइल पारा ती भिंत ओलांडतो. इतकेच नव्हे, बाळाच्या रक्तात तो आईपेक्षा जास्त साठतो. आईच्या अंगातले विष बाळाने आपल्या अंगावर घेतले. डॉल्फिनच्या मादीतही पारा असाच पोटातील पिलाकडे जातो.

आपणास वाटेल, मिनामाता हे एक भयंकर टोक झाले. रोजच्या जगण्यात एवढा पारा कोठून येणार? म्हणून फॅरो बेटांची हकीकत सांगतो. उत्तर अटलांटिक महासागरातील ही थंड, लहान बेटे. तेथे काळे धूर ओकणारे कारखाने नाहीत. लोक पिढ्यान्‌पिढ्या पायलट व्हेल मारून त्याचे मांस खातात. नाव व्हेलचे असले तरी तो डॉल्फिनच्याच कुळातला आहे. १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार बाळांच्या नाळेतील रक्त डॉक्टरांनी तपासले. ग्रांजाँ आणि वायहे ही त्यातील दोन प्रमुख नावे. मुले सात वर्षांची झाल्यावर त्यांच्या परीक्षा घेतल्या. १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या नाळेत पारा अधिक होता ती मुले आजारी नव्हती. ती धावत होती, खेळत होती. परंतु लक्ष, स्मरण आणि भाषा या गोष्टींत ती थोडी मागे होती. २००८ साली तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितले की पायलट व्हेल आता माणसाने खाऊ नये. आपल्याच लोकांना, आपल्याच पूर्वजांच्या अन्नाबद्दल हे सांगणे सोपे नव्हते.

बंधू-भगिनींनो, 'थोडी मागे' या दोन शब्दांवर मी बरेच दिवस विचार केला. वर्गात काही मुले असतात. त्यांना धडा चार वेळा समजावला तरी निसटतो. आपण म्हणतो, आळशी आहे, लक्ष नाही, नशीब. मीही म्हटले आहे, आणि मारलेही आहे, हे येथे कबूल करतो. आपल्या गावच्या अशा मुलांना पारा किंवा शिसे लागले आहे असे मी मुळीच म्हणत नाही. त्याची शंभर कारणे असतात, कुपोषण आहे, घरची ओढाताण आहे. पण मुलाच्या लक्षाचा आणि स्मरणाचा काही भाग ते शाळेत येण्यापूर्वीच, आईच्या पोटात असतानाच चोरीला जाऊ शकतो, ही गोष्ट जगाने आता मोजून पाहिली आहे. आपण वर्गणी काढून शाळा बांधली, बाके आणली, वाचनालय केले. चोरीला गेलेले ते लक्ष कोणत्याही बी. एड. मास्तराला परत आणता येत नाही.

आपल्या शेतकऱ्यांसाठी इराकची गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ती समुद्राची नसून घरातल्या कोठीची आहे. १९७१-७२ साली इराकमध्ये दुष्काळानंतर परदेशातून गव्हाचे व जवाचे बियाणे आले. कीड लागू नये म्हणून त्याला मिथाइल पाऱ्याचे औषध चोळले होते आणि खूण म्हणून लाल रंग दिला होता. पोत्यांवरील इशारा गावकऱ्यांना न कळणाऱ्या भाषेत होता. बियाणे पोहोचले तेव्हा पेरणीची वेळ टळून गेली होती. लोकांनी दाणे धुतले. रंग गेला, म्हणून विषही गेले असे समजून दळून भाकरी केल्या. कित्येक आठवडे काहीच झाले नाही. मग ६५३० माणसे इस्पितळात दाखल झाली आणि त्यांतील ४५९ दगावली. आज आपल्याकडे बियाण्याला पाऱ्याऐवजी बहुधा दुसरी औषधे असतात, पण गुलाबी-लाल रंगाचा अर्थ बदललेला नाही. उरलेले रंगीत बियाणे दळणात, कोंबड्यांना किंवा भिकाऱ्याच्या झोळीत जाऊ देऊ नका. त्याच्या रिकाम्या पिशव्या धुऊन त्यांत धान्य भरू नका.

आपली पुष्कळ मुले कामासाठी सुरत, अंकलेश्वर, वापीकडे जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली तेव्हा अंकलेश्वर पहिले आणि वापी दुसरे होते. पोट भरण्यासाठी जाणाऱ्यास अडवा असे मी म्हणणार नाही, तो उपदेश भरल्या पोटाने करणे सोपे आहे. परंतु मुलगा सुटीवर आला की पगार किती हे विचारण्याबरोबर पिंपात काय असते, हातमोजे मिळतात काय, आणि सांडपाणी कोठे जाते, हे तीन प्रश्नही त्याला विचारावेत. कामाचे कपडे घरातल्या लहानांच्या कपड्यांबरोबर धुवू नयेत.

जग अगदीच स्वस्थ बसले आहे असेही नाही. मिनामाताच्याच नावाने पाऱ्यावर आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१३ साली मंजूर झाला, २०१७ साली लागू झाला, आणि भारताने २०१८ साली त्यास मान्यता दिली. पेट्रोलमधील शिसे आपल्या देशात २००० साली बंद झाले. माझ्या विद्यार्थ्यांना ते कधी होते हेही ठाऊक नाही, यालाच मी प्रगती म्हणतो.

माझे हे टिपण एका पालकांनी आधी वाचले आणि विचारले, "मास्तर, मग मासे खायचे की नाही?" हाच प्रश्न आपल्या मनात असेल, म्हणून उत्तर देऊन थांबतो.

मासे अवश्य खावेत. गर्भवती स्त्रीला आणि वाढत्या मुलाला मासळीसारखे अन्न थोडे आहे. बाळाच्या मेंदूला जे स्निग्ध पदार्थ लागतात ते मासळीत मिळतात. फक्त शिडी ध्यानात ठेवावी. शिडीच्या खालच्या पायरीवरचे, लहान, थोडे जगणारे मासे चांगले. मांदेली, तारली, बांगडा, जवळा, कोळंबी यांत पारा कमी. मुशी आणि मोठी सुरमई यांसारखे मोठे, दीर्घायुषी शिकारी मासे गरोदरपणात आणि लहान मुलांना टाळलेले बरे. तळल्याने, उकळल्याने किंवा लिंबू पिळल्याने पारा जात नाही, कारण तो मांसातच बसलेला असतो. खाणे थांबविले तर माणसाच्या शरीरातील मिथाइल पारा दीड-दोन महिन्यांत निम्मा होतो, त्यानंतर तेवढ्याच काळात त्याचा निम्मा. म्हणून लग्न झालेल्या मुलीला ही गोष्ट दिवस राहण्यापूर्वीच सांगावी, नंतर नव्हे. आपल्या बाजारात जी स्वस्त मासळी गरिबाच्या टोपलीत जाते तीच बहुतेक खालच्या पायरीवरची आहे, हा योगायोग मला फार आवडला.

त्या मुलीला मी हे सारे वर्गात सांगितले. तिने वहीत शिडी काढली, सर्वांत वर डॉल्फिन काढला, आणि त्याच्या शेजारी एक बाई काढली. चित्र वाचनालयाच्या दाराशी लावले आहे. आपण सर्वांनी जाताना ते अवश्य पाहावे.